डाव्या हाताने ट्रोडोस

शनिवार, लार्नाका (सायप्रस)

नऊच्या आत निघालो. इथे भाड्याच्या गाडीला लाल नंबरप्लेट असते, त्यामुळे गाडीत पाहुणे बसलेत हे लांबूनच कळतं. ताईला ते अजिबात आवडलेलं नाही. "म्हणजे पाठीवर 'एल' चिकटवल्यासारखंच की गं," हे तिचं कालपासून चालू आहे. मला मात्र त्या पाटीचा फायदाच वाटतो. मागचे लोक जरा सांभाळून घेतात.

या बेटाची निवड झाली ती मुळात माझ्या ड्रायव्हिंगमुळे. इथे वाहनं डाव्या बाजूने चालतात आणि स्टिअरिंग उजवीकडे असतं. ब्रिटिश १८७८ साली इथे आले, १९६० मध्ये बेट स्वतंत्र झालं, पण रस्त्याची बाजू आणि भिंतीतलं तीन पिनांचं सॉकेट मागे राहिलं. उजवीकडून गाडी हाकायची असती, तर मी परमिटसाठी आरटीओत चकरा मारल्याच नसत्या. बसने फिरलो असतो.

लार्नाकातल्या एका मोठ्या रस्त्याला जनरल थिमय्यांचं नाव आहे. आपले माजी लष्करप्रमुख. निवृत्तीनंतर संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुख म्हणून १९६४ साली सायप्रसला आले आणि १९६५च्या डिसेंबरात इथेच वारले. ग्रीक आणि तुर्की सायप्रियट एकमेकांवर बंदुका रोखून होते तो काळ. पुढच्या वर्षी इथल्या सरकारने त्यांचं टपाल तिकीटही काढलं. ताईने मोबाइलवर वाचून दाखवलं आणि म्हणाली, "आपल्याकडे किती जणांना ठाऊक असेल?" मला तरी नव्हतं.

लिमासोलपर्यंतच्या मोटरवेबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. उजवीकडे वळून ट्रोडोसच्या डोंगराला लागलो तेव्हा कुठे प्रवास सुरू झाल्यासारखा वाटला. खाली द्राक्षमळे, मग हळूहळू पाइन. रस्ता गुळगुळीत, पण वळणं चांगली घट्ट. मी घाट शिकले आंबोलीत, त्यामुळे वळण दिसलं की हात आपोआप हॉर्नकडे जातो. इथे कोणी हॉर्न देत नाही. समोरून येणारा मुकाट्याने आपल्या बाजूला असतो, तरी पहिले काही किलोमीटर माझा त्यावर विश्वास बसेना.

प्लात्रेस गावाच्या वर गाडी लावून कॅलिडोनिया धबधब्याच्या वाटेला लागलो. वाट साधारण तीन किलोमीटरची, सगळी ओढ्याच्या काठाने, आणि खालून गेलं तर सगळी चढाची. ओढा सारखा ओलांडायचा, कधी दगडांवरून, कधी ओंडक्यांवरून. ताईचे गुडघे मधूनमधून कुरकुरतात, पण तिने काठी घेतली होती आणि थांबायला निमित्तही चांगलं मिळालं: ओकचं पान. वरून गडद हिरवं, जाड, तुळतुळीत. उलटं केलं की खालची बाजू चक्क सोनेरी, बोट फिरवलं तर किंचित लवदार. ओकची ही जात जगात फक्त सायप्रसमध्ये उगवते. त्यानंतर ताई दर पाच मिनिटांनी एक पान उलटून बघत होती, जणू एखादं चुकून हिरवंच निघेल.

धबधबा बारा-तेरा मीटरचा. "एवढ्यासाठी?" ताई म्हणाली. "आंबोलीत रस्त्याच्या कडेला याहून मोठा लागतो." खरं आहे. पण आपण ऑक्टोबरात धबधबा बघतो तो पावसाळ्याची शिल्लक म्हणून. इथलं वर्ष उलटं आहे: पाऊस पडतो हिवाळ्यात, आणि मे ते सप्टेंबर जवळजवळ कोरडे जातात. म्हणजे आज जे पाणी पडत होतं ते अख्खा उन्हाळा काढून उरलेलं. येताना खाली दोन-तीन पूल लागले होते, सगळ्यांखाली नुसते गोटे. हे सांगितल्यावर ताई पुन्हा वळून धबधब्याकडे बघत राहिली आणि मग तिने फोटो काढला.

वाटेच्या वरच्या टोकाला राष्ट्राध्यक्षांचं उन्हाळी निवासस्थान आहे. आत सोडत नाहीत. बांधलं ते ब्रिटिश हाय कमिशनरसाठी, १८८० साली. साहेबाला खालचा उन्हाळा सोसत नाही, मग दफ्तरासकट डोंगरावर जायचं. मुंबईचा गव्हर्नर महाबळेश्वरला जायचा तीच तऱ्हा. या बांधकामावर मुकादम होता तो फ्रेंच कवी आर्तूर रँबो. कविता सोडून पोट भरायला निघाला होता, वय पंचवीस. इथून पुढे तो एडनला गेला. कवी म्हणून ज्याची आज एवढी चर्चा होते, त्याने इथे मजुरांची हजेरी घेतली असेल याचं मला फार नवल वाटलं. ताईला नाही वाटलं. तिने तीस वर्षं सरकारी खात्यात काढली आहेत आणि तिच्या मते तिथे निम्मे लोक कवीच होते.

परत खाली उतरून गाडी घेतली, ट्रोडोसच्या चौकात कॉफी प्यायलो. सगळ्यात उंच शिखर ऑलिंपस, १,९५२ मीटर, पण माथ्यावर ब्रिटिश हवाई दलाचं रडार असल्यामुळे अगदी वर जाता येत नाही. पांढरा गोल घुमट मात्र लांबून दिसतो. बेट सोडताना ब्रिटिशांनी दोन लष्करी तळ स्वतःकडे ठेवले, ते आजही त्यांचेच आहेत. डावीकडून गाडी चालवताना मी सकाळपासून साहेबाचे आभार मानत होते. तो घुमट पाहून ते जरा आवरते घेतले.

दुपारी पेडुलास. या डोंगरांतली दहा चित्रांकित चर्चेस जागतिक वारसा यादीत आहेत, त्यातलं एक इथे, १४७४ सालचं. बाहेरून चर्च वाटतच नाही. कौलारू उतरतं छप्पर जवळजवळ जमिनीपर्यंत आलेलं, कोकणातल्या घरासारखं. फक्त इथे ते पावसासाठी नसून बर्फासाठी आहे. आत दोन खोल्यांएवढी जागा आणि भिंती खालपासून वरपर्यंत रंगवलेल्या. मोठाले देवदूत, संत सगळे आहेतच, पण मी अडकले ते दारावरच्या एका चित्रापाशी. ज्याने पैसे देऊन हे चर्च उभं केलं तो पाद्री वासिलिओस हातात या चर्चचीच छोटी प्रतिकृती धरून देवदूत मायकेलला देतोय. छप्पर तेच, उतारही तोच. मागे त्याची बायको आणि दोन मुली. (ऑर्थोडॉक्स पंथात लग्न झालेल्या माणसाला पाद्री होता येतं.) संतांच्या चेहऱ्यांपेक्षा या चौघांचे चेहरे मला जवळचे वाटले. वर्गणी देणाऱ्याचं नाव आपल्याकडे देवळाच्या पायरीवर किंवा पंख्याच्या पात्यावर असतं. याने सगळं कुटुंबच नेऊन उभं केलं. ताईने विचारलं, "मुलींची नावं काय गं?" मला तिथे कुठे दिसली नाहीत.

परतीच्या वाटेवर ओमोडोस. द्राक्षाच्या रसात पीठ घालून आटवतात आणि दोऱ्यात ओवलेले बदाम त्यात पुन्हा पुन्हा बुडवून वाळत घालतात, त्याला सुझुकोस म्हणतात. दुकानांत तपकिरी लांब कांड्या टांगलेल्या होत्या. चवीला फार गोड नाही, चावायला चिवट. ताईची कवळी लक्षात घेऊन एकच घेतली. कमांडारिया नावाची गोड वाइनही चाखायला ठेवली होती. मी गाडी चालवणार होते, म्हणून माझ्या वाटची ताईनेच घेतली आणि लिमासोल येईपर्यंत रस्ता दाखवायच्या ऐवजी आमच्या वाड्यातल्या भाडेकरूंच्या गोष्टी सांगत बसली. एक वळण हुकलं, काही बिघडलं नाही.

उद्याचं अजून ठरत नाहीये. मला खिरोकिटियाची अश्मयुगीन वस्ती बघायची आहे. ताईच्या मते सुट्टीत समुद्रही बघतात. पेट्रोल मात्र सकाळी भरायलाच हवं, काटा पावाच्या खाली गेलाय.