पोलीस-फायरचा वायरलेस ऐकायचा होता, त्यातून हॅम लायसन्स काढलं – माझा अनुभव

२५ जुलै २०२४ ला पुण्यात एकतानगरीत पाणी घुसलं तेव्हा आम्ही सिंहगड रोडलाच होतो. आमची सोसायटी जरा वरच्या अंगाला आहे त्यामुळे घरात पाणी नाही आलं, पण लाईट गेलेली, आणि ग्रुपवर एक जण म्हणतोय खडकवासल्यातून विसर्ग अजून वाढवला, दुसरा म्हणतोय कमी केला, तिसरा कुठल्यातरी जुन्याच पुराचा व्हिडिओ टाकतोय. खरं काय ते कोणालाच माहीत नाही. तेव्हाच डोक्यात बसलं की फायर ब्रिगेडवाले आणि पोलीस एकमेकांशी वायरलेसवर जे बोलतात ते आपल्याला डायरेक्ट ऐकता यायला हवं. अमेरिकेत लोक घरी स्कॅनर, म्हणजे असे संदेश पकडणारा रेडिओ, लावून ऐकतात, त्याचे व्हिडिओ बघितलेले होतेच.

शोधायला लागलो आणि सगळ्यात आधी जे कळलं ते आधीच सांगतो, कारण भरपूर लोकांना हे माहीत नसतं: आपल्याकडे हे चालत नाही. दुसऱ्याचे संदेश परवानगीशिवाय पकडणं हा गुन्हा आहे, २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. आणि फक्त ऐकायचाच प्रश्न नाही, ट्रान्समिट करणारा हॅण्डसेट नुसता घरात ठेवायलाही परवानगी लागते. ऑनलाइन स्वस्तात दिसतो म्हणून मागवला असं करू नका. लायसन्सशिवाय वापरता येतात ते ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवाले कमी पॉवरचे सेट, ट्रेकला आपसात बोलायला ठीक, पण त्यावर बाहेरचं काही ऐकू येत नाही.

आणि खरं सांगू, नियम मला पटला. अ‍ॅक्सिडेंट झाला की वायरलेसवर पत्ता जाणार, नाव जाणार, आणि ते ऐकून अर्धी पेठ तिथे बघायला जमणार, मग अ‍ॅम्ब्युलन्स आत जाणार कशी.

मग कोथरूडमधल्या एका ओळखीच्या काकांकडे गेलो, ते बरीच वर्षं हॅम आहेत, म्हणजे लायसन्स काढून हौसेने वायरलेस चालवणारे. ते म्हणाले, "अरे, इमर्जन्सीत काय चाललंय ते कळावं एवढंच हवंय ना तुला? मग लायसन्स काढ आणि त्यात भागच घे की." त्यांनीच सांगितलं की २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपानंतर फोन बंद पडले तेव्हा हॅम मंडळी सेट घेऊन तिथे पोचली होती, आणि २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांची टीम रेडिओसाठीच पोर्ट ब्लेअरला होती, तिथून त्यांनी निरोप पोचवले. एरवी हॅमला तिसऱ्या माणसाचे निरोप असे पाठवता येत नाहीत पण आपत्तीत नेहमीची यंत्रणा कोलमडली तर नियमातच त्याची सोय आहे. हे ऐकलं आणि माझं ठरलं.

लायसन्सचं काम दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवरून होतं. दोन ग्रेड आहेत, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. रिस्ट्रिक्टेडला मोर्स (टिक-टिकची सांकेतिक लिपी) लागत नाही म्हणून मी तीच धरली. परीक्षेत एक भाग रेडिओ थिअरीचा, एक नियमांचा. थिअरी बारावी फिजिक्स नीट केलं असेल तर अवघड नाही, नियम मात्र पाठच करावे लागतात, क्यू कोड (ठराविक वाक्यांसाठी तीन अक्षरी खुणा), फोनेटिक अल्फाबेट (अक्षरं अल्फा, ब्राव्हो अशी सांगायची पद्धत) सगळं. परीक्षेला मुंबईला गेलो. त्यानंतर नुसती वाट बघायची, त्याबद्दल जास्त लिहीत नाही, धीर ठेवा.

वाट बघण्याच्या काळात काकांच्या शॅकमध्ये, म्हणजे रेडिओच्या खोलीत, जाऊन बसायचो आणि माझ्या मते खरं शिक्षण तिथेच झालं. त्यांचा नियम एकच, "ऐक. पीटीटीला (बोलायचं बटण) हात नाही लावायचा." सुरुवातीला नुसती खरखर वाटते. मग स्क्वेल्च, म्हणजे खरखर दाबायची सेटिंग, कळतो, तो चाळणीसारखा असतो, फार घट्ट केला की कमजोर स्टेशन गायब, फार सैल केला की अखंड फस्स चालू. एकदा नेटवर, म्हणजे ठरवून एकाच फ्रिक्वेन्सीवर जमलेल्या हॅम मंडळींमध्ये, सराव चालू होता, समजा पूर आलाय असं धरून. नेट कंट्रोल, म्हणजे ते चालवणारा, एकेकाला नाव घेऊन बोलावतो, बाकी सगळे गप्प, अगदीच तातडीचं असेल तरच मध्ये "ब्रेक" म्हणायचं. एकाने निरोप दिला: ठिकाण, किती माणसं, काय हवंय. एवढंच. समोरच्याने तो कागदावर लिहून घेतला आणि शब्द न् शब्द परत वाचून दाखवला, आकडा दोनदा. मला एकदम आमचा त्या दिवशीचा ग्रुप आठवला. तिथे एकाने जरी असं परत वाचून विचारलं असतं तरी किती घबराट वाचली असती!

कॉलसाइन (रेडिओवरची माझी ओळख) आली, व्हीयू३ ने सुरू होणारी, मगच हॅण्डसेट घेतला, ५ वॉटचा. आपला टू मीटर बँड, म्हणजे हॅमसाठी ठेवलेला फ्रिक्वेन्सीचा पट्टा, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ. रिपीटरसाठी (उंचावरून आपला आवाज पकडून पुढे पाठवणारं स्टेशन) ६०० किलोहर्ट्झचा ऑफसेट, म्हणजे ऐकायच्या आणि बोलायच्या फ्रिक्वेन्सीतला फरक, आणि लागत असेल तर रिपीटर उघडणारा टोन टाकावा लागतो, ऐकायला ते लागत नाही, बोलायला लागतं. सेटबरोबर येणारा आखूड रबरी अँटेना काढून साधारण अर्ध्या मीटरचा क्वार्टर वेव्ह (लहरीच्या पाव लांबीचा अँटेना) लावला आणि फरक लगेच कळला. पण अँटेनापेक्षाही जागा महत्त्वाची. या फ्रिक्वेन्सीला समोर डोंगर आला की संपलं आणि पुण्यात तर चहूकडे टेकड्या. घरात हॉलमध्ये जे स्टेशन तुटक येतं ते गॅलरीत बरं येतं, आणि वेताळ टेकडीवर गेलं की जणू शेजारी उभं राहून बोलतंय. तिथेच एकदा संध्याकाळी १४५.८०० वर स्पेस स्टेशनही ऐकलं, ते आपल्यावरून जाईपर्यंत दहाएक मिनिटं, अंगावर काटा आला.

आता पावसाळ्याच्या आधी दोन्ही बॅटऱ्या फुल करून ठेवतो, कारने चार्ज करायची वायर बॅगेत, वही-पेन्सिल सेटबरोबरच बांधलेली, कारण लॉग, म्हणजे कोणाशी कधी बोललो त्याची नोंद, लिहायचा असतोच आणि ओल्या हाताने मोबाईलवर टाइप होत नाही. बिल्डिंगमधल्या चार-पाच जणांना सांगून ठेवलंय की नेटवर्क गेलं तर वर गच्चीत या, मी तिथे असेन.

जनरल ग्रेडसाठी मोर्स शिकतोय, मिनिटाला ८ शब्द लागतात, सध्या रोज सकाळी चालताना कानात तेच असतं. लायसन्सला किमान वय १२ आहे, पुतण्याला यंदा १२ पूर्ण होतायत, तो माझ्यापेक्षा जास्त मागे लागलाय, दिवाळीच्या सुट्टीत त्याचा फॉर्म भरून टाकायचाय.