"ट्रॅक वापरतं कोण?" असं विचारणाऱ्यांसाठी

पुण्यात सायकल ट्रॅकचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "वापरतं कोण ते? उगाच रस्ता अरुंद केलाय." आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हे सारखं चालू असतं. बोलणारे खोटं बोलत नाहीत, त्यांना तो पट्टा खरंच रिकामा दिसतो.

पण एकदा सकाळी लवकर सातारा रोडला उभं राहून बघा ना. नाइट करून घरी निघालेले वॉचमन, पेपर टाकणारी पोरं, कॅरिअरला हत्यारांची पिशवी बांधलेले सुतार, पेंटर, सगळे सायकलवर, फक्त ट्रॅकवर नाहीत तर गाड्यांच्या मधून जीव मुठीत धरून चाललेत. कारण ट्रॅकवर मध्येच डीपी बॉक्स, मध्येच झाड, लावलेल्या बाइक, उखडलेले पेव्हर ब्लॉक, आणि चौक आला की ट्रॅकच गायब, म्हणजे वळणाऱ्या बसची सगळ्यात जास्त भीती जिथे वाटते नेमकं तिथेच तुम्ही उघड्यावर. दर पन्नास पावलांवर उतरायला लागत असेल तर कोण जाईल त्याच्यावरून?

कागदावर आपल्याकडे कमी नाहीये काही. कात्रज-स्वारगेट बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळी लेन, 2006 ला आली तेव्हा तिच्याबरोबर ट्रॅकही आले, मग डिसेंबर 2017 मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेनं शहराचा अख्खा सायकल आराखडा मंजूर केला, त्यात 800 किलोमीटरच्या वर जाळं आहे.

मला वाटतं खरी अडचण आपण सायकलकडे बघतो कसं इथे आहे. सायकलवाला म्हटलं की डोळ्यासमोर येतो रविवारी हेल्मेट घालून सिंहगडला जाणारा. मग ट्रॅक म्हणजे हौशी लोकांची सोय, नसली तरी चालेल, आणि रस्ता रुंद करायचा म्हटलं की पहिला त्याच्यावरच घाव. रोज कामाला सायकलवर जाणारा माणूस कुणी मोजतच नाही, आणि तो सुद्धा चार पैसे जमले की आधी सेकंडहँड गाडी बघतो, कारण सायकलवर दिसला म्हणजे परिस्थिती बेताची असं लोक धरून चालतात. आणि हेच ते शहर जिथे खडकीच्या फॅक्टरीची शिफ्ट सुटली की रस्ताभर सायकलीच सायकली असायच्या!

शाळेतल्या पोरींचं तर वेगळंच. आठवी-नववीतल्या मुलीला सायकल घेऊन दिलेली असते पण आई मेन रोडवर सोडत नाही, आणि तिचं काय चुकलं? मग मुलीला सोडायला स्कूटर, म्हणजे त्याच रस्त्यावर अजून एक गाडी.

महापालिकेच्या बजेटसाठी आपल्या भागातली कामं नागरिकांनी सुचवायची सोय आहे, बऱ्याच जणांना माहीतच नसतं. यंदा मी आमच्या चौकातला तुटलेला ट्रॅक जोडायचं काम सुचवणार आहे आणि फॉर्म भरताना आमच्या वॉचमनकाकांना शेजारी बसवणार आहे, कुठे कुठे उतरायला लागतं ते त्यांना पाठ आहे.