रोझेनब्लॅटला एका ओळीत गुंडाळू नका

शनिवार, रात्री उशिरा

आज दिवसभर डोक्यात पर्सेप्ट्रॉन काढणारा फ्रँक रोझेनब्लॅटच आहे. सबमिशनच्या फाइल्सचा गठ्ठा संपला, जेवणं झाली, ओटा आवरला तरी विषय काही डोक्यातून जात नाही, म्हणून लिहूनच काढते.

थर्ड इयरच्या मुलांना आमच्याकडे पर्सेप्ट्रॉनचं प्रॅक्टिकल असतं. पर्सेप्ट्रॉन म्हणजे मेंदूच्या पेशींच्या धर्तीवर बनवलेलं, उदाहरणं बघून शिकणारं मॉडेल. पायथनमध्ये छोटासा प्रोग्राम, दोन इनपुट, वेट्स (कुठल्या इनपुटला किती महत्त्व ते आकडे), थ्रेशोल्ड (बेरीज किती झाली की 'हो' म्हणायचं ती मर्यादा), अँड गेट (दोन्ही इनपुट 'हो' तरच 'हो') आणि ऑर गेट (एक जरी 'हो' तरी 'हो') शिकवून दाखवायचं आणि शेवटी कन्क्लुजनमध्ये ठरलेलं वाक्य, की पर्सेप्ट्रॉनला एक्सऑर, म्हणजे दोनपैकी नेमकं एकच इनपुट 'हो' असेल तरच 'हो' म्हणणं, जमत नाही. प्रत्येक फाइलमध्ये तेच, एकाचं बघून दुसऱ्याने उतरवलेलं. व्हायवाला विचारलं पर्सेप्ट्रॉन कोणी काढला तर "रोझेनब्लॅट, १९५८" असं धडाधड उत्तर येतं आणि श्वास न घेता पुढे "पण मिन्स्कीने सिद्ध केलं की तो चालत नाही". (मिन्स्की म्हणजे एआयमधला दुसरा मोठा संशोधक, त्याच्याकडे पुढे येते.) झालं, संपला माणूस. मला याचा खरंच त्रास होतो. मुलांचा दोष नाही, पुस्तकातच तेवढं आहे.

पहिली गोष्ट म्हणजे हा माणूस कॉम्प्युटरवाला नव्हताच. सायकॉलॉजीवाला होता. कॉर्नेल युनिव्हर्सिटीतून १९५६ ला पीएचडी केली आणि बफेलोच्या कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबमध्ये कामाला लागला. १९५८ चा तो प्रसिद्ध पेपरसुद्धा 'सायकोलॉजिकल रिव्ह्यू' मध्ये आलाय, म्हणजे मानसशास्त्राच्या जर्नलमध्ये. त्याला हुशार मशीन विकायचं नव्हतं, त्याला कळून घ्यायचं होतं की डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट मेंदू साठवतो कशी आणि नंतर ओळखतो कशी. पर्सेप्ट्रॉन हे त्या प्रश्नाचं मॉडेल होतं. हे एकदा लक्षात आलं की त्याने जे जे केलं त्याचा अर्थच वेगळा लागायला लागतो.

आधी त्याने ते आयबीएम ७०४ वर चालवून दाखवलं, खोलीभर पसरलेला कॉम्प्युटर तो. पंचकार्डं द्यायची, काहींवर चौकोन डावीकडे, काहींवर उजवीकडे. कुठला डावा कुठला उजवा हे कुणी प्रोग्राममध्ये लिहिलेलं नाही. साधारण पन्नास प्रयत्नांनंतर मशीन आपलं आपण डावं-उजवं ओळखायला लागलं. आजच्या मुलांना यात काय विशेष असं वाटेल, पण तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे सांगितलेलं निमूटपणे करणारी वस्तू, आणि इथे न सांगितलेलं काहीतरी ती शिकली!

आणि मग खरंखुरं यंत्र बांधलं, मार्क वन पर्सेप्ट्रॉन, पैसे अमेरिकन नेव्हीच्या संशोधन खात्याचे. याचे फोटो मी आज कितीतरी वेळ झूम करून बघत बसले होते. समोर २० बाय २० म्हणजे ४०० फोटोसेल्स, हा त्याचा डोळा. त्यातून निघालेल्या वायरी मधल्या ५१२ युनिट्सना, म्हणजे मेंदूच्या पेशीसारखं काम करणाऱ्या छोट्या सर्किट्सना, जोडलेल्या, आणि त्या कुठेही कशाही, मुद्दाम रँडम, कारण मेंदूतली सुरुवातीची जोडणीसुद्धा कुणी नकाशा काढून केलेली नसते असं त्याचं म्हणणं. फोटोत त्या वायरींचा असा काही गुंता दिसतो की बघतच राहावं. पलीकडे उत्तर द्यायला ८ युनिट्स. आणि वेट्स म्हणजे आपल्यासारखे व्हेरिएबल नाहीत हां, वेट म्हणजे पोटेन्शिओमीटर, जुन्या रेडिओचा आवाज कमीजास्त करायला असायचा तोच, आणि तो फिरवायला इलेक्ट्रिक मोटर. उत्तर चुकलं की मोटर चालू होणार, पोटेन्शिओमीटर जरासा फिरणार, वेट बदलणार. म्हणजे शिकणं ऐकू येत असणार, घरर्र करून!

उत्तर बरोबर आलं तर काहीच करायचं नाही, चुकलं तरच हलवायचं, तेही चुकीच्या दिशेने ओढणाऱ्या वेट्सना थोडंसं. तंबोरा लावताना असंच करतो ना, लागलेल्या तारेला हात लावायचा नाही, उतरलेली तेवढीच खुंटीने हळूच चढवायची. आणि हे नुसतं मनाला पटलं म्हणून नाही, याचं गणिती सिद्धांतात रूपांतर झालं, की दोन गटांमध्ये सरळ रेघ मारून ते वेगळे करता येत असतील तर हा नियम ठरावीक पावलांत उत्तरापर्यंत पोचतोच पोचतो. वर्गात मी हे प्रूफ फळ्यावर लिहिते तेव्हा दरवेळी आनंद होतो, इतकं ते सुटसुटीत आहे.

आता गाजावाजा. जुलै १९५८ मध्ये पत्रकारांना बोलावलं आणि दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापून आलं की हे मशीन पुढे जाऊन चालेल, बोलेल, बघेल, लिहील, स्वतःसारखी दुसरी मशीन बनवेल आणि आपण अस्तित्वात आहोत याचं भानही त्याला असेल. डावं-उजवं ओळखणाऱ्या प्रोग्रामवरून एवढी उडी! यात रोझेनब्लॅटचा वाटा नव्हता असं मी म्हणणार नाही, तो स्वतःही परग्रहांवर पर्सेप्ट्रॉन पाठवायच्या गोष्टी करत होता. त्या बोलण्याने बाकीचे शास्त्रज्ञ चिडले हे उघड आहे. पण माणूस भान हरपून एखाद्या कल्पनेवर प्रेम करतो तेव्हा असं होतं, आणि मला तो त्यामुळे जास्तच आवडतो.

मार्व्हिन मिन्स्की आणि रोझेनब्लॅट एकाच शाळेत शिकलेले, ब्राँक्स हायस्कूल ऑफ सायन्स. मिन्स्कीने स्वतः १९५१ मध्ये न्यूरल नेटचं मशीन बनवलं होतं, म्हणजे तो काही बाहेरचा माणूस नव्हता. १९६९ मध्ये त्याने आणि सीमोर पॅपर्टने 'पर्सेप्ट्रॉन्स' नावाचं पुस्तक काढलं. त्यातलं गणित चोख आहे, त्याबद्दल वादच नाही. चित्राचा थोडाथोडाच भाग बघणाऱ्या युनिट्सवरून आकृती सलग एक आहे की तुटक आहे हे ठरवता येत नाही, असल्या गोष्टी त्यांनी पक्क्या सिद्ध केल्या. घोटाळा गणितात नाही, त्याला जोडलेल्या अंदाजात आहे, की युनिट्सचे एकामागे एक थर वाढवूनही फारसं काही हाती लागणार नाही. हा अंदाज होता, सिद्धांत नव्हता, आणि लोकांनी दोन्ही एकत्रच गिळलं. पैशाचा ओघ आधीच दुसऱ्या पद्धतीच्या एआयकडे वळायला लागला होता, त्याला आयतं कारण मिळालं.

आणि ते एक्सऑर! फायलीतला पर्सेप्ट्रॉन आणि रोझेनब्लॅटचा पर्सेप्ट्रॉन एक नाहीतच. त्याच्या मशीनमध्ये मधे एक आख्खा थर होता, ५१२ युनिट्सचा. तो शिकत नव्हता, त्याच्या जोडण्या रँडम आणि कायमच्या, पण होता ना! मधलं एखादं युनिट दोन्ही इनपुट एकदम बघत असेल तर एक्सऑर अजिबात अवघड नाही. आपण तो थर काढून टाकला, शिकवायला सोपं म्हणून, आणि मग म्हणतो बघा याला साधं एक्सऑर जमेना. बरं, मधल्या थरालाही शिकवावं हे त्याला सुचलं नव्हतं असंही नाही. १९६२ च्या त्याच्या पुस्तकात चूक मागच्या थरांकडे पाठवायचा विचार आहे, 'बॅक-प्रोपगेटिंग' हा शब्दच त्याने वापरलाय. अडलं कुठे, तर त्याचं युनिट एकतर चालू नाहीतर बंद, मधलं काही नाही, त्यामुळे वेट किंचित हलवलं तर चूक किती कमी होईल हे मोजायला डेरिव्हेटिव्हच मिळत नाही. पुढे गुळगुळीत चढणारी फंक्शन्स वापरली तेव्हा ते सुटलं आणि १९८६ मध्ये रमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्सच्या पेपरनंतर सगळीकडे पोचलं.

तोवर रोझेनब्लॅट नव्हता. ११ जुलै १९७१, चेसापीक बे मध्ये बोटिंगला गेला होता आणि अपघातात गेला. त्या दिवशी त्याचा त्रेचाळिसावा वाढदिवस होता. मिन्स्की-पॅपर्टच्या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत त्याच्या स्मृतीला अर्पण केल्याच्या दोन शब्दांची नोंद आहे. मी त्या पानाकडे बघून रडले, हे इथेच लिहिते.

लोक म्हणतात १९६९ च्या पुस्तकाने तो खचला. मला त्याची शेवटची वर्षं वाचून तसं काही वाटत नाही. आवाज ओळखायला त्याने आणखी एक मशीन बांधलं होतं, त्याचं नाव टोबरमोरी, गोष्टीतल्या एका बोलणाऱ्या बोक्याचं. मग उंदरांकडे वळला, शिकवलेल्या उंदराच्या मेंदूचा अर्क दुसऱ्याला टोचला तर शिकलेलं उतरतं का हे बघायला, आणि परिणाम असलाच तर अगदी किरकोळ आहे असा निष्कर्ष सरळ मांडून मोकळा झाला. घरामागच्या टेकडीवर दुर्बीण बसवली. आणि १९७१ मध्येच एक पेपर आला, दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधायची पद्धत, की ग्रह ताऱ्यासमोरून आडवा गेला की प्रकाश आणि रंग कणभर बदलतो तो दोन रंगांत मोजायचा. पुढे विल्यम बोरुकी यांनी त्या विचारावर काम वाढवलं, आणि त्यातून चाललेल्या प्रयत्नांतून २००९ मध्ये केपलर दुर्बीण गेली, जिने अडीच हजारांहून जास्त ग्रह शोधले. हे व्हायवात कुणी सांगत नाही, कारण कुणाला माहीतच नाही.

पुढच्या सेमिस्टरला प्रॅक्टिकल बदलायचं ठरवलंय, सिलॅबसमधलं नाव तेच ठेवून आत मार्क वन घालायचा. २० बाय २० ची ग्रिड, डावा चौकोन, उजवा चौकोन, मधे ५१२ रँडम युनिट्स ज्यांना हात लावायचा नाही, आणि चुकल्यावरच वेट हलवायचा नियम. पन्नासेक कार्डांत शिकतं का ते मुलांनी स्वतः मोजायचं, आणि मग त्याच मशीनला एक्सऑर द्यायचं. कन्क्लुजन ज्याचं त्याने लिहायचं, उतरवलेलं दिसलं तर फाइल परत. एचओडींना सोमवारी विचारते, लॅबच्या पीसीवर हे सहज चालेल.