तुम्ही विचारलंत म्हणून: ‘जा’ म्हणणारा देवच होता, हे कळतं कसं?

येशूच्या सुवार्तेच्या कामानिमित्त मी २६ वर्षं फिरते आहे, बरंचसं नंदुरबार जिल्ह्यात, शहाद्याहून वर धडगावकडे. परत आले की मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, साक्ष देते, तिकडं काय घडलं ते सांगते, आणि उपासना सुटल्यावर चहाचा कप हातात घेऊन कुणीतरी येतंच, बहुतेक वेळा एखादी तरुण मुलगी. "ताई, त्या पाड्यावर जायचं हे देवानं दाखवलं, असं तुम्ही म्हणालात. दाखवलं म्हणजे काय झालं? आवाज येतो का?" उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही, म्हणून आज बसून लिहिते.

आवाज मला कधी आला नाही. आणि "देवानं मला सांगितलं" हे वाक्य ज्या दिवशी मी सगळ्यात ठामपणे उच्चारलं, त्या दिवशी मी साफ चुकले होते.

२०११ चा श्रावण. धडगावच्या पलीकडच्या एका पाड्यावर जायचं माझ्या मनानं घेतलं होतं. बरोबर मावशी होत्या, आमच्याच मंडळीतल्या, तिथली पावरी बोली घरच्यासारखी बोलणाऱ्या. शिवाय पहिल्यांदाच आलेला १९ वर्षांचा एक मुलगा. पाऊस सकाळपासून धरून होता. मावशी म्हणाल्या, "ओढा चढेल, आज नको." मी म्हणाले, "रात्री प्रार्थनेत मला स्पष्ट झालंय, मावशी. प्रभू म्हणतो जा." मावशी गप्प झाल्या. काय बोलणार? देवाचं नाव पुढं केलं की समोरच्याचं तोंडच बंद होतं.

जाताना ओढा गुडघाभर होता. पाड्यावर घरं ओस, सगळी माणसं निंदणीला शेतावर. परततो तर ओढा दुथडी भरलेला. एका गोठ्यात रात्र काढली. मुलाला थंडी वाजून ताप भरला. मावशींनी पिशवीतली एकुलती कोरडी साडी त्याच्याभोवती गुंडाळली आणि स्वतः ओल्यातच बसून राहिल्या. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. पहाटे मात्र विचारलं, "पोरी, तुला त्या पाड्यावर काय हवं होतं?"

उत्तर मला आत ठाऊक होतं. आदल्या वर्षी तिथं आमचं ढोल वाजवून स्वागत झालं होतं, रात्रभर भजनं झाली होती, बायांनी माझा हात सोडला नव्हता. मला ते पुन्हा हवं होतं. माझ्या हौसेला मी देवाचा आवाज दिला होता.

त्यानंतर बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा १६ वा अध्याय मी जितक्यांदा वाचला, तितका दुसरा कुठला वाचला नसेल. इसवी सन ५० च्या आसपासची गोष्ट. येशूची सुवार्ता सांगत फिरणारा पौल आणि त्याचे सोबती, सीला आणि तरुण तीमथ्य, आजच्या तुर्कस्तानातून चालले आहेत. आशिया हे तेव्हा एका रोमी प्रांताचं नाव. तिथं देवाचं वचन सांगायला पवित्र आत्मा त्यांना मनाई करतो. मग ते उत्तरेच्या बिथुनिया प्रांताकडे वळू पाहतात, तिथंही जाऊ देत नाही. मनाई झाली ती कशी, हे या पुस्तकाचा लेखक लूक लिहीत नाही. शेकडो किलोमीटरची वाट, आणि मार्गदर्शन म्हणून पदरात काय, तर दोनदा ‘नाही’. शेवटी त्रोवस बंदर, पुढं समुद्र. तिथं रात्री पौलाला दृष्टान्त होतो: समुद्रापलीकडच्या मासेदोनियातला एक माणूस उभा राहून विनवतोय, इकडे ये, आम्हाला मदत कर.

दृष्टान्त एकट्या पौलाला झाला. पण लगेच पुढच्या वचनात ‘आम्ही’ येतं: देवानं आम्हाला तिकडे बोलावलं आहे, असं आम्ही ताडलं. या प्रवासाच्या कथनात ‘आम्ही’ इथूनच सुरू होतं. म्हणजे पौलानं जे पाहिलं ते सोबत्यांपुढं ठेवलं आणि सगळ्यांनी मिळून ते तोललं. मी नेमकं हेच केलं नव्हतं.

सगळं सुरळीत पार पडलं म्हणजे ती देवाची इच्छा, असं पुष्कळजण धरून चालतात. मला ते पटत नाही. त्या वेळी जहाज दुसऱ्याच दिवशी पलीकडे नियापुलिस बंदराला लागलं. पुढं काही वर्षांनी उलट दिशेनं येताना त्रोवसला पोचायला पाच दिवस गेले. आणि मासेदोनियातल्या फिलिप्पै शहरात तर पौल आणि सीलाला छड्यांनी मारून, पाय खोड्यात अडकवून तुरुंगात टाकलं, दृष्टान्त खरा असूनही. म्हणून ओढा चढला हा मी माझ्या चुकीचा पुरावा मानत नाही. मावशींना गप्प केलं, चूक तिथं झाली.

फिलिप्पैत गेल्यावर कुठं जायचं, हे दृष्टान्तात नव्हतंच. शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या वारी, ते वेशीबाहेर नदीकाठी गेले, कारण तिथं प्रार्थनेची जागा असेल असं त्यांना ‘वाटलं’. एवढ्या दृष्टान्तानंतर अंदाजानं चालले! विनवताना दिसला होता पुरुष, नदीकाठी भेटल्या बाया. त्यांतली लुदिया, जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी, थुवतीरा गावची. आणि थुवतीरा त्याच आशिया प्रांतातलं. जिथं जायला मनाई झाली, तिथलीच बाई समुद्रापलीकडे वचन ऐकायला बसलेली. इथं माझ्या अंगावर अजून काटा येतो.

काहीच कळत नाही तेव्हा काय करता, असंही विचारतात. एका मे महिन्यात आम्ही एका घरी दोन दिवस अडकून होतो. पुढं कुठं जायचं ते सुचेना, प्रार्थना कोरडी. मी अंगणात येरझाऱ्या घालत होते. मावशी विळीवर बसून त्या घरच्या बायांबरोबर आमचुरासाठी कैऱ्या कापत होत्या. मला म्हणाल्या, "बस. हात रिकामे आहेत तुझे." मी बसले. चिकानं बोटं चरचरत होती. काप खडकावर पसरायचे, संध्याकाळी गोळा करायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या घरची सून, जिनं तोवर आमच्याकडे मान वर करून पाहिलंही नव्हतं, कैरी कापता कापता आपल्या गेलेल्या बाळाबद्दल बोलायला लागली. मी काहीच सांगितलं नाही, ऐकत राहिले. मग दुसरीकडे जायचा विषय कुणी काढला नाही. आठ दिवस तिथंच राहिलो.

हल्ली निघायच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे बसतो आणि ज्याला जे वाटतंय ते तो मोकळेपणानं सांगतो. ‘प्रभूनं सांगितलं’ असं म्हणत नाही, ‘मला असं वाटतंय’ म्हणतो. भीती वाटत असेल तर तीही सांगायची. सगळ्यांत लहान असेल त्यानं आधी बोलायचं, नाहीतर तो आमच्या हो ला हो मिळवतो. रात्री फार खचलेलं मन असेल तर बेत बदलत नाही, सकाळपर्यंत थांबतो.

मावशींचे गुडघे गेलेत, आता त्या येत नाहीत. पण मी निघण्याआधी फोन करते. सगळा बेत ऐकून घेतात, मधे बोलत नाहीत. शेवटी तेच विचारतात, "आणि पोरी, तुला तिथं काय हवंय?" परवाही विचारलं. मला पटकन उत्तर देता आलं नाही, आणि त्यांनीही फोन ठेवला नाही.