पर्जन्यमापकावर फ्रीआरटीओएस: माझा अनुभव

फ्रीआरटीओएस म्हणजे छोट्या बोर्डावर अनेक कामं (टास्क) एकत्र सांभाळणारी ऑपरेटिंग सिस्टम (आरटीओएस). ती बसवणं सोपं आहे असं सगळे सांगतात, आणि ते खरंच आहे. सोर्स उतरवा, कॉर्टेक्स-एम३ प्रोसेसरचा पोर्ट (त्या प्रोसेसरपुरता कोड) आणि मेमरी वाटणारी हीप_४ फाइल घ्या, एसव्हीसी, पेंडएसव्ही, सिसटिक हे तीन हँडलर (प्रोसेसरचा इशारा आला की चालणारी फंक्शन्स) कर्नलला, म्हणजे सिस्टमच्या गाभ्याला जोडा. संध्याकाळपर्यंत एलईडी लुकलुकतो. माझाही लुकलुकला. पुढे अख्खा आषाढ ज्यात गेला त्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही.

गुहागरला आमच्या खळ्यात टिपिंग बकेटचा पर्जन्यमापक लावला होता. आत इवलीशी पळी, ०.२ मिमी पाऊस साठला की ती कलंडते, रीड स्विच (चुंबकाने मिटणारा) मिटतो, बोर्डाला इंटरप्ट, म्हणजे हातचं काम थांबवून लक्ष मागणारा इशारा, जातो. एक टास्क मोजणार, दुसरा डिस्प्ले सांभाळणार, तिसरा जीएसएम मॉड्यूलमधून मेसेज धाडणार. मॉड्यूल उत्तर द्यायला कितीही रेंगाळलं तरी मोजणी थांबता कामा नये, आरटीओएस हवा तो त्यासाठीच. बोर्ड साधा ब्लू पिल: एसटीएम३२एफ१०३, ७२ मेगाहर्ट्झ, २० केबी रॅम.

(सांगायचं राहिलं: इथे टास्कचा स्टॅक, म्हणजे त्याला कामापुरती दिलेली मेमरी, चार-चार बाइटच्या वर्डमध्ये मोजतात. १२८ लिहिलंत म्हणजे ५१२ बाइट. ईएसपी३२ या दुसऱ्या चिपवरून येणाऱ्यांनी जपा, तिकडे बाइटच धरतात.)

रिमझिम असली की यंत्र बिनतक्रार चाले. मुसळधार लागला की मध्यरात्री कधीतरी गपगार, आकडा गोठलेला. रीसेट केलं की पुन्हा शहाण्यासारखं. आमचे नाना रोज सकाळी साडेआठला काचेच्या मापाने पाऊस मोजून वहीत टिपतात. त्यांना आयतंच निमित्त: "काय रे, झोपलं काय तुझं यंत्र परत?"

व्होल्टेजवर संशय घेतला, ओलीवर घेतला. स्टॅक वाढवला, तो ओसंडतोय का याची (ओव्हरफ्लोची) तपासणी २ वर, म्हणजे जास्त कडक ठेवली. काही नाही. तासाला ६० मिमी म्हणजे धो धो, तरीही पळी साधारण १२ सेकंदांतून एकदाच कलंडते. एवढ्याशा कामाने बोर्ड का मरावा? आणि दिवसा बघत बसलं की हमखास चालणार. डोकं फिरायची वेळ आली.

गोम अशी, की ज्या नमुन्यावरून प्रोजेक्ट उभा केला त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये कॉन्फिगअ‍ॅसर्टची, म्हणजे चूक दिसताच बोर्ड जागीच थांबवणारी, ओळच नव्हती. कुणा भल्या माणसाने जागा वाचवली असावी! ती ओळ घातली, पावसाची वाट न बघता लोटीने पाणी ओतलं, आणि पहिल्याच कलंडीला बोर्ड जागीच थांबला. डीबगर थेट पोर्टच्या फाइलमधल्या इंटरप्ट-प्रायॉरिटी तपासणाऱ्या फंक्शनवर. शेजारी लांबलचक कॉमेंट, तिच्यात सगळं लिहिलेलं.

कर्नल टास्कच्या आपल्या याद्या बदलताना प्रोसेसरचं बेसप्राय रजिस्टर वापरून इंटरप्ट अडवतं, पण ठरावीक पातळीपर्यंतचेच. प्रायॉरिटी दिलीच नाही तर ती शून्य राहते, आणि कॉर्टेक्स-एममध्ये शून्य सर्वांत वरचढ. टास्कच्या नेमकं उलट, तिथे मोठा आकडा मोठा. शून्यवाला कुणाला जुमानत नाही. यादी अर्धवट बदललेली असताना तो घुसला आणि त्याने कर्नलचं फंक्शन बोलावलं की खेळ खलास. असा योग क्वचित जुळतो, म्हणून रिमझिमीत निभावतं.

माझ्या फाइलमध्ये ही अडवायची मर्यादा ५ ठेवली, रजिस्टरच्या हिशेबात ती ८० लिहावी लागते. रीड स्विचच्या इंटरप्टला ६, म्हणजे मर्यादेखालचा, दिला. त्या रात्री कौलं फुटतील असा पाऊस झाला आणि सकाळी आकडा हलत होता. मी नानांना मुद्दाम हाक मारून दाखवला.

तर म्हणाले, "माझ्या दुप्पट कसा?" स्विच मिटताना थरथरतो, एका कलंडीचे दोन इंटरप्ट होतात. आयएसआरमध्येच (इंटरप्ट आल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) कर्नलच्या घड्याळाची टिक बघून १०० मिलिसेकंदांच्या आतला दुसरा सोडून द्या. आणि एचएएल (एसटीची तयार लायब्ररी) वापरत असाल तर सिसटिक आता कर्नलकडे असल्याने तिचा टाइमबेस (वेळ मोजायचा आधार) सिसटिकवरून काढून एखाद्या टायमरवर न्या, हे सगळ्यांत आधी.