जुन्या गाडीचा टोटल लॉस क्लेम : माझा अनुभव

आमची गाडी नऊ वर्षांची होती. पावसाळ्यातल्या वादळात पार्किंगमधलं गुलमोहराचं झाड मुळासकट तिच्यावर कोसळलं आणि छत पार स्टिअरिंगपर्यंत खाली आलं. गाडीत कोणी नव्हतं, यापेक्षा मोठं समाधान नाही. पण आईच्या उपचारांसाठीचं सगळं जाणं-येणं या गाडीवर होतं. दुसरी घ्यायला हातात किती पैसे येणार, हे आता विम्यावर ठरणार होतं.

झाड हलवायच्या आधी मी चारही बाजूंनी फोटो काढले, नंबर प्लेट दिसेल असे. त्याच सकाळी कंपनीला फोन करून क्लेम नंबर घेतला, पोलीस ठाण्यात नोंद केली. झाड कापायला आलेल्या अग्निशमन दलाकडून नंतर दाखलाही मिळवला. टोइंग करून गाडी गॅरेजला गेली. इथपर्यंत सगळं सरळ होतं.

खरा प्रश्न गॅरेजमध्ये सुरू झाला. नवीन गाडीचा क्लेम आणि जुन्या गाडीचा क्लेम यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. गाडी दुरुस्त करायची ठरली की प्रत्येक पार्टवर घसारा, म्हणजे वापराने घटलेली किंमत, कापला जातो. पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या पार्टवर ४० टक्के, दहा वर्षांच्या पुढे ५० टक्के. प्लास्टिक, रबर, बॅटरी, एअरबॅग यांवर गाडीचं वय काहीही असो, ५० टक्के. रंगाच्या मटेरियलवरही ५०. काचेवर मात्र काहीच कापत नाहीत. झिरो डेप हे घसारा माफ करणारं जादा कव्हर घेतलेलं असेल तर ही कपात टळते, पण ते इतक्या जुन्या गाडीला सहसा मिळत नाही. म्हणजे ‘क्लेम मंजूर झाला’ हे ऐकून आनंद व्हावा आणि बिलाचा मोठा हिस्सा आपल्याच खिशातून जावा, अशी गत. शेजारच्या काकांच्या गाडीवर त्याच झाडाची फांदी पडली होती. त्यांची गाडी दोन वर्षांची, झिरो डेप असलेली. त्यांना फार थोडे पैसे भरावे लागले.

दुसरा मार्ग टोटल लॉसचा. दुरुस्तीचा खर्च, पॉलिसीच्या अटी-शर्तींना धरून, आयडीव्हीच्या (पॉलिसीत लिहिलेली गाडीची विमा किंमत) ७५ टक्क्यांच्या वर गेला तर गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण निकामी, धरतात आणि आयडीव्हीच्या हिशेबाने पैसे देतात. यातले ‘अटी-शर्तींना धरून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. गॅरेजचं एस्टिमेट ७५ टक्क्यांच्या वर गेलं म्हणजे काम झालं, असं नाही. नुकसान मोजायला येणारा सर्व्हेअर घसारा वजा करून स्वतःचा आकडा काढतो आणि कंपनी तोच पाहते.

आमच्या सर्व्हेअरने पहिल्या पाहणीत छत आणि छत पेलणारे पिलर ‘रिपेअर’मध्ये लिहिले, म्हणजे ठोकून सरळ करायचे. आकडा अर्थातच खाली आला. गॅरेजचा सुपरवायझर मला बाजूला घेऊन म्हणाला, “मॅडम, हे पिलर ठोकून गाडी रस्त्यावर येईल, पण परत कधी ठोकर बसली तर आतल्या माणसाला ते वाचवणार नाहीत.” ज्या गाडीत आईला बसवायचं तिच्याबद्दल हे ऐकल्यावर माझा निर्णय झाला. मी कंपनीला ईमेल लिहिला : गाडी उघडून, आतलं अस्तर आणि डॅशबोर्ड काढून पुन्हा पाहणी करावी, आणि कोणता पार्ट बदलायचा व कोणता दुरुस्त करायचा हे कारणासह लेखी द्यावं. सर्व्हेअर पुन्हा आला. अस्तर काढल्यावर दोन्ही बाजूंचे पिलर मुळातून पिळलेले दिसले. बॉडी शेल, म्हणजे गाडीचा अख्खा सांगाडा, बदलल्याशिवाय इलाज नव्हता, आणि शेलचा खर्च धरल्यावर घसारा कापूनही आकडा ७५ टक्क्यांच्या पुढे गेला. सर्व्हेअरवर माझा राग नाही. बाहेरून जे दिसलं ते त्यांनी लिहिलं होतं. पण गाडी उघडा असं कोणी सांगितलं नसतं तर तोच कागद कायम राहिला असता.

यानंतर कंपनीतून फोन आला. या मॉडेलला आता बाजारात एवढी किंमत येत नाही, तेव्हा थोड्या कमी रकमेवर सेटल करू, असं बोलणं. इथे मी अजिबात मागे हटले नाही. पाच वर्षांच्या आतल्या गाडीची आयडीव्ही ठरलेल्या टक्केवारीने निघते, पण पाच वर्षांनंतर ती कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. नूतनीकरणाच्या वेळी आयडीव्ही खाली आणली की हप्ता कमी होतो, म्हणून एजंट तसं सुचवत होता. बाबांनी त्याला साफ नकार दिला होता. ठरलेल्या त्या आकड्यावर वर्षभर हप्ता घेतल्यावर आता बाजारभाव कुठून आला? पॉलिसीतच लिहिलेलं असतं की टोटल लॉसच्या वेळी आयडीव्ही हीच पूर्ण मुदतीसाठी बाजारभाव मानली जाईल, आणखी घसारा लावला जाणार नाही. मी ते कलम ईमेलमध्ये जसंच्या तसं उतरवलं आणि विचारलं की कमी रक्कम कोणत्या कलमाखाली देताय ते लेखी कळवा. लेखी उत्तर नाहीच आलं. आलं ते आयडीव्हीवर मंजुरीचं पत्र. नसतं आलं तर विमा लोकपालाकडे जायची तयारी होती. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते; महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर लोकपालाकडे जाता येतं, आणि तिथे फी लागत नाही.

मग भंगाराचा विषय. कंपनीने सॅल्व्हेजसाठी, म्हणजे मोडक्या गाडीसाठी, बोली मागवली. आमच्या वेळी बोली लावणारा ती रक्कम आम्हाला देणार आणि कंपनी आयडीव्हीमधून ती रक्कम व सक्तीची वजावट काढून उरलेली देणार, असा हिशेब होता. ही वजावट १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये, त्यावर २,००० रुपये. बोली दोन प्रकारची असते, आरसीसह (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र चालू ठेवून) आणि आरसीशिवाय (ते रद्द करून). आरसीसह बोली मोठी येते, आणि ती का मोठी येते याचा विचार प्रत्येकाने करावा. मोडक्या गाडीची चालू आरसी आणि चॅसिस नंबर चोरीच्या गाडीला वापरले जातात. आरसी तुमच्या नावावर असेपर्यंत पोलीस तुमच्याच दारात येणार. मी आरसीशिवायचाच पर्याय मागितला. त्यात भंगाराला कमी भाव येतो आणि तेवढे जास्त पैसे कंपनीच्या खिशातून जातात, म्हणून थोडी टाळाटाळ झाली. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ नुसार गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत नोंदणी प्राधिकरणाला कळवायचं असतं. हे सांगितल्यावर विषय मिटला. आरटीओत जुने ई-चलान भरले, चॅसिस नंबरचा कापलेला तुकडा जमा केला आणि आरसी रद्द झाल्याचा कागद घेतला. त्यानंतरच गाडी उचलू दिली.

गॅरेजने पार्किंगचे आणि एस्टिमेटचे पैसे लावले, कारण दुरुस्तीचं काम त्यांना मिळालं नाही. टोटल लॉसची शक्यता दिसताच हे दर लेखी विचारून ठेवावेत. कंपनीला तिच्याकडून झालेला उशीर ईमेलमध्ये तारखेसह दाखवल्यामुळे या खर्चाचा आमच्यावरचा बराचसा भार हलका झाला.

पैसे खात्यात आले. फास्टॅग बंद केला, त्याची अनामत परत मिळाली. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, मात्र गेला. नवीन गाडीच्या ओन डॅमेजवर (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर) आता शून्यापासून सुरुवात, आणि पहिलं वर्ष क्लेमशिवाय गेलं की २० टक्के.