दसरा चौकात आडवी बस

महापालिकेच्या शहर बसला दंड करतानाचा माझा व्हिडिओ कोल्हापुरात बऱ्याच जणांच्या मोबाईलवर फिरला. अर्ध्या मिनिटाचाही नाही. चौकात आडवी बस, तिच्या मागं अँब्युलन्सचा सायरन, मी ई-चलनच्या मशीनमध्ये नंबर टाकते आहे आणि मागून कुणीतरी ओरडतंय, "घाला मॅडम, दहा हजार घाला!" त्याच्या आधी काय झालं आणि नंतर काय झालं, ते त्यात नाही. मला ते दोन्ही माहीत आहे आणि अजून त्याचा नीट हिशेब लागलेला नाही.

मी वाहतूक शाखेत हवालदार आहे. त्या शुक्रवारी संध्याकाळचा पॉइंट दसरा चौक. शुक्रवार म्हणजे अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी, त्यात केए पासिंगच्या, म्हणजे कर्नाटकातल्या, गाड्या पार्किंग शोधत फिरणार. ऑगस्ट 2025 मध्ये सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, तेव्हापासून कामाच्या दिवशी संध्याकाळी भाऊसिंगजी रोडवरून वकील, पक्षकार आणि बाहेरगावच्या गाड्या एकदमच सुटतात. व्हीनस कॉर्नरकडून सीपीआरला जाणारा रस्ता आणि बिंदू चौकाकडून येणारा रस्ता, दोन्ही एकाच वेळी भरतात. चौकात शाहू महाराजांचा पुतळा, आणि त्याच्या भोवती आम्ही दोघं-तिघं.

लोकांना वाटतं, चौकातला पोलीस समोरून येणाऱ्या गाड्या बघतो. येणाऱ्या गाड्या सिग्नल बघतो. आम्ही बघायची ती बाहेर पडायची तोंडं. चौक कधीच चौकात तुंबत नाही. तो पुढच्या तीस-चाळीस पावलांत तुंबतो. बाहेर पडायच्या तोंडावर एक वडाप (शेअर) रिक्षा सीट घ्यायला थांबली की मागची कार थांबते, तिच्या मागची थांबते, आणि शेवटची चौकाच्या पोटात राहते. तिच्या बाजूचा सिग्नल लाल होतो, पण ती तिथंच. आता आडव्या बाजूला हिरवा मिळतो. ते येतात आणि तिच्या दारापर्यंत येऊन थांबतात. उरलेल्या फटींत दुचाक्या शिरतात. एवढं झालं की पुढं जायला जागा नाही आणि मागं सरकायलाही नाही. याला आम्ही चौक लॉक झाला म्हणतो. पहिल्या रिक्षापासून लॉक व्हायला सिग्नलच्या दोन फेऱ्याही पुरतात.

लॉक झालेला चौक मधून उघडत नाही. नवीन पोरं तिथंच चुकतात. मधोमध उभं राहून शिट्टी मारतात, हातवारे करतात, आणि प्रत्येक गाडी अर्धा फूट पुढं येऊन आणखी घट्ट बसते. उघडायचं ते शेवटून. सिग्नल मॅन्युअलवर घ्यायचा, चारी बाजू लाल करायच्या. एक माणूस तुंबलेल्या तोंडाच्या पुढं पळत पाठवायचा, तिथला अडथळा काढायचा. मग पोटातल्या दुचाक्या आधी कडेला काढायच्या, कारण त्या हलल्याशिवाय चारचाकीला स्टिअरिंग फिरवायला जागा होत नाही. मोठी गाडी सगळ्यांत शेवटी. हे काम मला येतं आणि चांगलं येतं, हे सांगताना मला संकोच वाटत नाही.

त्या दिवशी बस बिंदू चौकाकडून आली आणि उजवीकडं व्हीनस कॉर्नरच्या दिशेनं वळली. ती आत शिरली तेव्हा तिचा सिग्नल हिरवा होता. मी स्वतः बघितला. पण व्हीनसकडच्या तोंडावर दोन रिक्षा थांबलेल्या होत्या, आणि त्यांच्या पुढं एक कार चारी इंडिकेटर लावून रिव्हर्स घेत होती. चालकाला दर्शनाचं पार्किंग मागं राहिल्याचं तेव्हा कळलं असणार. बसचं तोंड रिक्षांच्या मागं अडकलं आणि तिची शेपूट व्हीनसकडून सीपीआरकडं जाणाऱ्या बाजूवर आडवी राहिली. आणि त्याच बाजूनं 108 ची अँब्युलन्स आली.

आत एक म्हातारी बाई होती, ऑक्सिजनवर. तिचा मुलगा खाली उतरून हाका मारत पुढं आला. सीपीआरचं गेट तिथून जवळ, म्हणून त्याचा जीव आणखी वरखाली होत होता. माझ्याबरोबरच्या सीनियर हवालदारांनी सिग्नल घेतला, मी व्हीनसच्या तोंडाकडं पळाले. काठी बघताच दोन्ही रिक्षा सुटल्या. एकीचा नंबर मला मिळाला. कारवाल्याच्या बॉनेटवर हात ठेवून त्याला सरळ पुढं काढलं. बस वीसेक फूट पुढं आली आणि अँब्युलन्स तिच्या मागून निघून गेली. सगळं मिळून पाच-सहा मिनिटं. ऑक्सिजनवरच्या माणसाला पाच मिनिटं किती असतात, ते त्या मुलाच्या तोंडावर दिसत होतं.

मग मी बस कडेला घ्यायला लावली. तोवर पन्नासेक लोक जमले होते आणि त्यांना दहा हजार हवे होते.

हा आकडा लोकांना पाठ आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनं 194 ई कलम आलं: अँब्युलन्स किंवा अग्निशमन गाडीला वाट दिली नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पण ते कलम कडेला होणं शक्य असून न होणाऱ्यासाठी आहे. बसला कडेला व्हायला कुठं जागा होती? तिच्या दोन्ही अंगांना दुचाक्या चिकटलेल्या होत्या. गर्दीच्या आवाजावर कलम लावायचं नसतं. मी 122 लावलं, म्हणजे दुसऱ्यांना अडथळा होईल अशा जागी गाडी उभी ठेवणं, आणि दंड 177 खाली. महाराष्ट्रात डिसेंबर 2021 पासून पहिल्या वेळी पाचशे आणि पुन्हा झालं तर पंधराशे.

ड्रायव्हर पन्नाशीचे असतील. खाली उतरून शांतपणे म्हणाले, "मॅडम, हिरवा होता."

"होता मामा. मी नाही म्हणतच नाही. पण पुढं जागा होती काय?"

"जागा बघत थांबलो तर मागचे हॉर्न मारून जीव घेतात. आणि माझ्या पुढची जागा मोटारसायकलवाले भरून टाकतात. मग मी आत कवा शिरू?"

"तुम्ही चौकात सगळ्यांत उंच बसता. रिक्षा माझ्या आधी तुम्हाला दिसल्या असणार."

ते गप्प बसले. यावर त्यांच्याकडं उत्तर नव्हतं आणि आजही मला वाटतं की ते नसणारच. हिरवा सिग्नल आत यायची परवानगी देतो, पलीकडची जागा देत नाही. गाडीभर जागा दिसल्याशिवाय चौकात शिरू नये, हे आम्हाला पहिल्यांदा शिकवतात. लहान गाडीनं हा नियम मोडला तर दुसरी वळसा घालून निघते. बसनं मोडला तर पूर्ण बाजू मरते. म्हणून बसला सवलत नको, उलट तिच्याकडून जास्त अपेक्षा हवी, असं माझं मत आहे आणि आमच्यातल्या बऱ्याच जणांना ते पटत नाही. सीनियर हवालदारांनी तिथंच बाजूला घेऊन सांगितलं, "शहर बसवर केस करून काय मिळणार? ह्या खिशातलं त्या खिशात." चांगला माणूस आहे, चौक त्यांच्याइतका कुणाला कळत नाही, पण हे त्यांचं म्हणणं साफ चूक आहे. ते का चूक आहे, ते पुढच्या दोन मिनिटांत कळलं.

मशीनमध्ये नंबर टाकला आणि रक्कम आली पंधराशे. त्या बसवर आधीचं एक चलन होतं, कुठल्या तरी वेगळ्या चौकातलं.

"ते माझं न्हवं," मामा म्हणाले. "त्या दिवशी ह्या गाडीवर दुसराच माणूस होता. पण कापायचं ते आता माझ्या पगारातनं कापणार बघा."

मशीन गाडीचा नंबर ओळखतं. आज स्टिअरिंगवर कोण आणि मागच्या वेळी कोण, हे त्याला कळत नाही. घरच्या कारला ते चालतं, कारण मालक आणि चालक बहुतेक एकच असतो. बस रोज दोन पाळ्यांत वेगवेगळ्या हातांत जाते. लायसन्स नंबर घालून चलन थेट चालकावर करता येतं. तसं केलं असतं तर मागच्याची चूक त्यांच्या डोक्यावर आली नसती, पण मालक पूर्ण सुटला असता. आणि वेळापत्रक चालक ठरवत नाही, थांबा चालक ठरवत नाही. मी चलन गाडीवर केलं. दंड मालकाकडं जावा, त्यांच्या कार्यालयात कुणीतरी तो कागद हातात घेऊन विचारावं की ह्याच चौकात आपल्या गाड्या का अडकतात. आता दिसतंय की तो कागद कुणी वाचत नाही, तो सरळ पगाराच्या खिडकीवर जातो. खिसा एकच आहे, तो मामांचा आहे.

टाळ्या वाजवणाऱ्यांबद्दलही लिहिते. चलन झालं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यातले निम्मे दुचाकीवर बसलेले होते आणि त्यांची पुढची चाकं झेब्राच्या पांढऱ्या पट्ट्यांवर होती. बसच्या दोन्ही अंगांना चिकटून तिला कोंडणारे हेच. अँब्युलन्सला वाट मिळावी असं त्यांना मनापासून वाटत होतं, यात मला शंका नाही. आपण स्वतः वाट अडवलीय, हे त्यांच्या मनात आलं नसावं. मोठी गाडी डोळ्यांत भरते, छोटीचा दोष कुणाला दिसत नाही.

आणि रिक्षा? ज्या रिक्षाचा नंबर मिळाला तिच्यावर मी बसथांब्याजवळ उभी राहिल्याची केस केली. पाचशे. दुसरी गेली ती गेलीच. हे रोजचं आहे. सिग्नलवरचे कॅमेरे थांबा-रेषेकडं तोंड करून बसवलेले असतात: कोण लाल असताना गेला, कोणाच्या डोक्यावर हेल्मेट नाही. बाहेर पडायच्या तोंडाकडं कॅमेरा बघत नाही. तिथं चाळीस सेकंद उभी राहून चौक लॉक करणारी गाडी आम्ही पोचायच्या आत निघून जाते आणि फोटोत सापडते ती चौकात अडकलेली. जी हलू शकत नाही तिच्यावरच केस होते. महिन्याच्या शेवटी केसेसचा आकडा बघतात, त्यात हा फरक कुठं दिसत नाही. मी वरिष्ठांना हे बोलून दाखवलंय. ते ऐकून घेतात.

पुढच्या आठवड्यात मामा साध्या कपड्यांत पॉइंटवर आले. मला वाटलं दंड कमी करा म्हणायला आलेत. ते म्हणाले, "ताई, दंडाचं जाऊ द्या. माझ्याबरोबर जरा थांब्यापर्यंत चला." व्हीनसकडच्या तोंडापासून बसथांब्यापर्यंत आम्ही चालत गेलो. पस्तीस पावलं. एक बस थांब्यावर उभी राहिली आणि तिच्या मागं दुसरी आली की मागचीची शेपूट चौकाच्या कडेला लागते. थांब्याच्या अलीकडंच वडाप रिक्षा उभ्या राहतात, कारण बसला थांबलेला प्रवासी त्यांना तिथं आयता मिळतो. "सकाळी शेड्यूलचा कागद देतात, त्यात फेरीची मिनिटं लिहिलेली असतात," ते सांगत होते. "उशीर झाला की तिथं विचारणार, घाई केली की तुम्ही विचारणार." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. एवढं सांगून रस्त्याच्या कडेला उभे राहिले आणि एकामागून एक आलेल्या दोन बस मला दाखवल्या.

थांबा हलवणं माझ्या हातात नाही. थांबे आणि वाहनतळ ठरवायचा अधिकार कायद्याच्या 117 कलमात आहे, स्थानिक प्राधिकरणाशी विचारविनिमय करून ठरवायचे असतात. म्हणजे आमच्याकडून पत्र, तिकडून पाहणी, मग बैठक. मी अहवाल लिहिला: थांबा चौकापासून आणखी पुढं न्यावा, रिक्षांना थांब्याच्या पलीकडं जागा द्यावी, आणि चौकाच्या पोटात पिवळ्या पट्ट्यांची जाळी रंगवावी, म्हणजे कुठं उभं राहायचं नाही हे जमिनीवर दिसेल. सोबत वेगवेगळ्या दिवसांचे फोटो लावले. प्रत्येक फोटो बाहेर पडायच्या तोंडाचा, चौकाचा एकही नाही. वरून सही होऊन तो गेला. उत्तर आलं की प्रस्ताव विचाराधीन आहे.

मी मामांना सांगितलं, चलन मान्य नसेल तर ऑनलाइन तक्रार करा, नाहीतर कोर्टात बाजू मांडा, तो तुमचा हक्क आहे. ते म्हणाले, एका दिवसाची रजा टाकून पंधराशेसाठी कोर्टात उभं राहणं परवडत नाही, पण मागच्या माणसाच्या हजाराचं तेवढं बघतो. अजून चलन भरलेलं दिसत नाही, म्हणजे ते जातीलही. गेले तर मला साक्षीला बोलावतील. बसचा सिग्नल हिरवा होता, हे मी सांगेन. पुढं जागा नव्हती आणि ती त्यांना दिसायला हवी होती, हेही सांगेन. आणि पुढं जागा का नव्हती, असं कुणी विचारलं, तर अहवालाची प्रत मी बरोबर नेणार आहे.